थोडा मोठा माणूस जवळ असताना

सकाळच्या पहिल्या तासाला पोहोचण्यासाठी मी जी लोकल पकडते, तिच्यात घाटकोपरच्या पुढे महिलांच्या डब्याला लागून असलेल्या सामान्य डब्याच्या दारात कॉलेजच्या मुलांचा एक घोळका उभा असतो. इतक्या सकाळी आत जागा असते. तरीही ही मुले दारातल्या मधल्या रॉडला एका हाताने धरून, एक पाय फूटबोर्डवर आणि दुसरा हवेत ठेवून बाहेर झुकतात आणि रुळांलगतचा विजेचा खांब जवळ आला की अगदी शेवटच्या क्षणी अंग आत ओढून घेतात. जो सर्वांत उशिरा आत येतो त्याच्या पाठीवर थाप पडते. मधल्या जाळीतून हे पाहताना एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. बाहेर झुकलेल्या मुलाचे लक्ष खांबावर फार थोडा वेळ असते. उरलेला सारा वेळ तो डब्यातल्या मित्रांच्या तोंडाकडे पाहत असतो.

परळच्या परिसरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवते आहे, त्यामुळे पंधरा ते अठरा या वयाची मुले माझ्यासमोर दरवर्षी नव्याने येतात. या वयातल्या धाडसाबद्दल मोठ्या माणसांचे एक ठरलेले मत असते, ते म्हणजे या मुलांना जिवाची किंमत कळत नाही, त्यांना धोका समजतच नाही. हे मत मला मान्य नाही. आमच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला उभे करून विचारले, तर दारात लटकल्याने काय होते, दारू पिऊन बाईक चालवल्याने काय होते, अनोळखी माणसाला फोटो पाठवल्याने काय होते, हे तो आपल्यापेक्षा अधिक तपशिलाने सांगतो. डोंबिवलीहून कॉलेजला येणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलाला मी याच विषयावर ऐकवत होते, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पडलो तर काय होतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण सगळे दारात उभे असताना मी एकटाच आत जाऊन बसू का?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते, आणि मला वाटते की या विषयाची खरी गाठ तिथेच आहे.

इथे एक फरक करणे आवश्यक आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या माणसांना साहस करायचे नव्हते. त्यांना वेळेवर कामावर पोहोचायचे होते आणि डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या मृत्यूंची जबाबदारी गर्दीवर आणि ती गर्दी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेवर येते. मी बोलते आहे ते रिकाम्या डब्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांबद्दल.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील टेंपल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर केलेले काम मला फार मोलाचे वाटते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी 13 ते 16 वर्षांची मुले, 18 ते 22 वर्षांचे तरुण आणि 24 वर्षांपुढील प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर गाडी किती पुढे दामटायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. एकटे असताना तिन्ही गट जवळपास सारखेच खेळले. दोन मित्र शेजारी बसवले, तेव्हा प्रौढांच्या खेळण्यात फारसा फरक पडला नाही. 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी मात्र सुमारे दुप्पट धोके पत्करले. मुलगा तोच, खेळ तोच, माहिती तीच आणि बदलले ते फक्त पाहणारे डोळे.

पुढे 2011 मध्ये याच गटाने खेळणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मित्र दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर खेळ पाहत आहेत एवढे किशोरवयीन मुलाला कळले, तरी त्याच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग अधिक जागा होत होता. प्रौढांमध्ये तसे घडले नाही. मेंदूचा हा भाग वयात येतानाच जोर धरतो, तर परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, आणि या दोहोंमधल्या अंतरात आपली सगळी अकरावी-बारावी येते. मित्र त्याच खोलीत असण्याचीही गरज नसते, ही त्या प्रयोगातली बाब मला आज विशेष महत्त्वाची वाटते, कारण दारात लटकलेल्या मुलाच्या समोर आता बहुतेक वेळा एक मोबाइल धरलेला असतो आणि त्या मोबाइलच्या पलीकडे पाहणारे किती असतील याचा हिशेब त्याच्याकडे नसतो.

परंतु ज्या प्रयोगामुळे मी हे लिहायला बसले तो 2016 सालचा आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. त्यात 18 ते 22 वर्षांच्या तरुणांचे चार-चार जणांचे गट केले होते. काही गटांत चौघेही समवयस्क होते, तर काही गटांत तिघे समवयस्क आणि चौथा 25 ते 30 वर्षांचा होता. त्या चौथ्याने उपदेश करावा, नियम सांगावेत असे काही ठरवलेले नव्हते. तो फक्त त्यांच्यात बसलेला होता. समवयस्कांच्या गटात धोका पत्करण्याची जी चढाओढ दिसली, ती या मिश्र गटात ओसरली. आईवडिलांच्या वयाचा नव्हे, तर केवळ सात-आठ वर्षांनी मोठा असा एक माणूस जवळ असणे एवढ्याने फरक पडला.

हे वाचल्यावर मला मुंबईतल्या कित्येक ओळखीच्या जागा वेगळ्या दिसू लागल्या. गोविंदा पथकाचेच पाहा. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. कामावरून सुटलेली माणसे जेवून आली की वाडीतल्या मोकळ्या जागेत रात्री थर लागतात. पायथ्याला तिशी-चाळिशीतली भक्कम माणसे खांद्यांत हात गुंफून उभी राहतात, त्यांना मागून दुसरे कडे टेकू देते, वरच्या थरांवर पोरे चढतात आणि सर्वांत वर एक्का जातो. आमच्या वर्गातला एक सतरा वर्षांचा मुलगा चौथ्या थरावर चढतो म्हणून मी एका रात्री त्याचा सराव पाहायला गेले होते. वर्गात कोणाचेही न ऐकणारा तो मुलगा तिथे खाली उभ्या असलेल्या, जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या दादाच्या एका शब्दावर उतरला. त्याची मांडी थरथरू लागलेली त्या दादाने खालून पाहिली आणि हाक दिली, "उतर, आज बास." मुलाने वाद घातला नाही, तोंड वाकडे केले नाही आणि मित्रांपुढे त्याची मानही खाली गेली नाही, कारण उतरवणारा माणूस आठ वर्षांपूर्वी त्याच थरावर उभा होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दहीहंडीतल्या धोक्याकडे मी डोळेझाक करत नाही. दर गोपाळकाल्याला गोविंदा जखमी होतात, कधी जीवही जातो. उच्च न्यायालयाने 2014 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि हंडीची उंची 20 फुटांवर आणली. बरीच न्यायालयीन ये-जा होऊन 2017 मध्ये उंचीची अट निघाली आणि वयाची मर्यादा 14 वर ठरली. मला विचाराल तर चौदा वर्षांचे मूल सातव्या-आठव्या थरावर असूच नये, आणि लाखांच्या बक्षिसांनी या खेळाचे जे बाजारीकरण केले आहे त्यामुळे "आज बास" म्हणणाऱ्या दादाचा आवाज क्षीण होतो, ही माझी ठाम समजूत आहे. परंतु हंडीच्या एका दिवसाआधीचे सरावाचे ते पाच-सहा आठवडे, ज्यांत वेगवेगळ्या वयांची माणसे एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहतात, ते मुंबईच्या मुलांना दुसरे कोण देते?

शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात हीच गोष्ट अधिक शिस्तीने पाहायला मिळते. तिथे मल्लखांबाचा वारसा जपणारे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईतच झाली. एरंडेल तेलाने गुळगुळीत केलेल्या लाकडी खांबावर उलटे होऊन हात सोडायचे, हे किशोरवयातल्या मुलाला हवे असलेले सारे काही एका जागी देते: पोटात गोळा येईल इतकी भीती, ती जिंकल्याचा आनंद आणि पाहणारे मित्र. फरक इतकाच, की तिथे त्याची पकड कोठे चुकते आहे हे पाहणारी, त्याच्याहून थोडी मोठी मुलेही आजूबाजूला असतात, आणि दोरीवरच्या मल्लखांबात मुलींना शिकवणारी एखादी ताई स्वतः काही वर्षांपूर्वी त्याच दोरीला लोंबकळताना घाबरलेली असते.

गिरणगावातल्या चाळींत असा थोडा मोठा माणूस मुद्दाम शोधावा लागत नसे. गॅलरीत, व्यायामशाळेत, गणेशोत्सवाच्या मंडळात तो असायचाच. मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही, कारण तोच मोठा मुलगा पहिली सिगारेट हातात देणाराही असू शकतो आणि मुंबईने याचे फार भीषण रूप पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि संप फसल्यानंतर ज्या घरांतली चूल थंडावली त्या घरांतल्या तरुण मुलांपैकी काही टोळ्यांकडे ओढली गेली. त्यांना तिकडे नेणारी माणसेही परकी नव्हती; त्याच वाडीतली, पाच-दहा वर्षांनी मोठी, हातात पैसा खुळखुळणारी होती. म्हणजे या वयातले मूल थोड्या मोठ्या माणसाच्या मागे जातेच, आणि चांगल्या माणसांनी ती जागा रिकामी ठेवली की ती भरून काढायला दुसरे कोणीतरी येते.

आजच्या टॉवरमध्ये ती जागा बहुतांशी रिकामीच आहे. पोडियमवर चेंडू खेळायला बंदी असते, मुले शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी येतात, आणि त्यांच्या आयुष्यात आईवडील, शिक्षक आणि समवयस्क एवढीच माणसे उरतात. नीट आणि जेईईच्या तयारीत तर दोन वर्षे मुलाला कोणताही धोका पत्करूच दिला जात नाही. चुकीचा पर्याय निवडला तर गुण कापले जातात, हीच त्याची धोक्याशी होणारी एकमेव भेट असते. ज्याला झाडावर चढू दिले नाही, एकट्याने बाजारात पाठवले नाही, नाटकात पडून हसे होऊ दिले नाही, त्याच्या वाट्याला धाडस म्हणून शेवटी लोकलचे दारच येते.

झोपेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. वयात येताना शरीराचे घड्याळ मागे सरकते; रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर उठवत नाही, यात मुलाचा आळस नसतो. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे, पण ज्या वयाला उशिरा सुरू होणाऱ्या वर्गाची सर्वाधिक गरज आहे ती मुले अजूनही सकाळी सातच्या तासासाठी साडेपाचला उठतात. अपुऱ्या झोपेने आधीच कच्चा असलेला आवर आणखी सैल होतो.

मुलींच्या बाबतीत हा सारा विषय वेगळ्या अंगाने येतो आणि मला तो अधिक अवघड वाटतो. मुलगा फूटबोर्डवर लटकला तर ते धाडस म्हटले जाते. मुलगी तालमीवरून रात्री साडेआठला घरी आली तर तेवढाच धोका पत्करल्याचा ठपका तिच्यावर बसतो. त्यामुळे मुलींचे खरे धोके घरात कोणाला दिसतच नाहीत. ते मोबाइलमध्ये असतात, एखाद्या मुलावर ठेवलेल्या विश्वासात असतात, त्याला पाठवलेल्या फोटोत असतात. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याला मान्य नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीशी तिच्या मर्जीने असलेल्या संबंधांतून एकोणीस वर्षांचा मुलगा तुरुंगात जाऊ शकतो, हे माझ्या वर्गातल्या मुलामुलींना मी सांगेपर्यंत बहुतेकांना ठाऊक नव्हते. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये याच मुंबईतून लैंगिक आरोग्यावरचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले, त्यासाठी खटले सोसले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 2007 मध्ये, राज्यातल्या शाळांमधले लैंगिक शिक्षण विधिमंडळातल्या विरोधानंतर थांबवले गेले. मुलगी मग विचारणार कोणाला? आईला विचारले तर कॉलेज बंद होईल ही भीती असते, आणि मैत्रिणीला विचारावे तर तिलाही तेवढेच माहीत असते. माझा अनुभव असा, की अकरावीच्या मुली हे प्रश्न मला विचारत नाहीत, परंतु आमच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला विचारतात. ती त्यांना ओरडत नाही आणि हसूनही उडवून लावत नाही. गरज पडली तर सोबत डॉक्टरकडे जाते आणि गोष्ट हाताबाहेर जाते आहे असे वाटले तर मुलीला सांगून, तिच्या संमतीने, मला येऊन सांगते. एखाद्या मुलीचे मन फार खचले असेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन लावून देणारीही तीच असते.

कायदे आणि यंत्रणा यांचे काम मी कमी लेखत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 156 नुसार टपावरून किंवा पायरीवरून प्रवास केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास 2019 पासून गाडीच्या मालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांना ती माहीत असलीच पाहिजे. सगळ्यांत परिणामकारक उपाय तर आपोआप बंद होणारे दार हाच आहे. 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली, त्या गाडीत फूटबोर्डवरच्या धाडसाला जागाच नाही, आणि साध्या लोकलना अशी दारे जितक्या लवकर बसतील तितके बरे. परंतु दार बंद झाले म्हणून मुलाची ओढ संपत नाही. ती पावसाळ्यात धबधब्याच्या कड्यावर जाते, रात्री सी लिंककडच्या रस्त्यावर बाईक घेऊन जाते. त्या ओढीला कुठेतरी सामावून घेणारी जागा हवी आणि त्या जागेत थोडा मोठा माणूस हवा.

कॉलेजच्या एकांकिकांनी ही सोय मुंबईत फार पूर्वीपासून करून ठेवली आहे, असे मला वाटते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या काळात कॉलेज सोडून गेलेली, नोकरीला लागलेली मुले संध्याकाळी तालमींना परत येतात, दिग्दर्शन करतात, अकरावीच्या मुलांकडून नेपथ्याच्या लेव्हल उचलून घेतात, प्रकाशयोजना शिकवतात. भरलेल्या नाट्यगृहात ब्लॅकआउटच्या काही सेकंदांत अख्खा सेट बदलायचा असतो. एक पाय अडखळला तर साऱ्यांची मेहनत वाया जाते. सोळा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा मोठी जोखीम कोणती असेल? मागच्या वर्षी दारातल्या त्या घोळक्यातला एक मुलगा बॅकस्टेजला आला, आणि तालमीनंतर माजी विद्यार्थ्यांबरोबर परत जाताना तो आत बसून जातो, हे मला त्याच्याच एका मित्राकडून समजले. त्याला आत बसायला कोणी सांगितले होते का, असे मी विचारले, तर तो मित्र म्हणाला, "नाही मॅडम, ते सगळे आतच बसतात ना."

आमच्याकडे मात्र आतापर्यंत संध्याकाळी सहानंतर माजी विद्यार्थ्यांना फाटकावरच अडवले जायचे, आणि तालमी कोणाच्यातरी गच्चीवर, पोलीस येईपर्यंत चालायच्या. या जूनमध्ये आम्ही काही शिक्षकांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आहे. माजी विद्यार्थ्यांना वर्षभराचे ओळखपत्र द्यावे, रात्री नऊपर्यंत दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात आणि सह्याद्रीतल्या भटकंतीला दर दहा मुलांमागे पंचविशीच्या आतबाहेरचा एक अनुभवी गिर्यारोहक सोबत न्यावा, अशा तीन मागण्या त्यात आहेत. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत. तिसरीवर पालकांचा आक्षेप आहे आणि तो मला समजतो. आपले मूल कड्यावर दोरीला लटकणार या कल्पनेनेच आईच्या पोटात कालवते. येत्या शनिवारी पालकसभा आहे. तिथे ज्यांच्याबरोबर मुले जाणार आहेत त्या दादा-तायांनाच मी बोलावले आहे, त्यांची हार्नेस, दोर आणि हेल्मेटेही टेबलावर मांडलेली असतील, आणि पालकांनी त्यांना हवे तितके प्रश्न विचारावेत, अशी माझी इच्छा आहे.